ताशाच्या हातांना डबल पेडलची जोड: सीमाभागातल्या नव्या मेटल ड्रमरसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून मेटल (हेवी मेटल संगीत) वाजवायला येणाऱ्या मुलामुलींचे हात बहुतेक वेळा आधीच चाललेले असतात. कुणी गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवलेला असतो, कुणी भजनी मंडळात पखवाज, कुणी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड. त्यामुळे इथल्या नवख्याला अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी: पाय, आणि क्लिकला (मेट्रोनोमच्या टिकटिकीला) धरून राहणं. म्हणून आधी हातपाय, मग सामान, मग खोली, आणि शेवटी बँड व पैसे. किट (ड्रमचा संच) घ्यायची घाई झाली असेल तर थोडं थांबा. पहिले तीन महिने किटची गरज नाही.

पहिले तीन महिने

लागतं एवढंच: रबरी प्रॅक्टिस पॅड, काठ्यांची एक जोडी, फोनमधला मेट्रोनोम आणि न डुगडुगणारं स्टूल. काठी ५बी घ्या. ५ए साधारण १४ ते साडेचौदा मिलिमीटर जाड असते, ५बी पंधराच्या आसपास, २बी सोळाच्या. २बी घेतली की जोर आपोआप येईल असं वाटतं, पण तयारी नसताना ती मनगट आणि कोपर दुखवते. दुकानात काठी काचेच्या काउंटरवर घरंगळत सोडून बघा. वाकडी असेल तर ती उड्या मारत जाते. मग दोन्ही काठ्या एकेक करून लाकडावर टोकून ऐका. एकीचा सूर वर आणि दुसरीचा खाली येत असेल तर ती जोडी परत ठेवा, तोच फरक पुढे स्नेअरवर (खाली तारा असलेल्या ड्रमवर) ऐकू येतो.

पथकातून आलेल्यांना दोन सवयी मोडाव्या लागतात. पहिली खांद्याची. ढोलाच्या टिपरूला खांदा लागतो. ड्रमच्या काठीला उसळी लागते, आणि ती उसळी मुठीत आवळली की मरते. काठीच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर अंगठा आणि तर्जनीची चिमूट धरा, बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली. काठी पॅडवर पडू द्या आणि ती स्वतःहून किती वेळा उडते ते मोजा. सहा-सात वेळा उडाली तर पकड बरोबर आहे. दोनदा उडून थांबली तर बोटं आवळलेली आहेत.

दुसरी सवय लय चढण्याची. मिरवणुकीत लय चढली की रंग चढतो आणि सगळं पथक एकत्र चढतं, म्हणून ते खपून जातं. मेटलमध्ये गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ठरलेल्या वेगातच बसतो. ड्रमर पाच बीपीएमने (मिनिटाला पाच मात्रांनी) पुढे गेला की गिटारवाल्याचा उजवा हात तुटायला येतो. यावर एक चाचणी आहे. मेट्रोनोमवर चार बार (चार मात्रांचं एक आवर्तन म्हणजे बार) क्लिक चालू आणि चार बार बंद अशी योजना लावा, बऱ्याच ॲपमध्ये ही सोय असते. बंद असताना वाजवत राहा. क्लिक परत आला तेव्हा तुम्ही त्याच्या पुढे होता की मागे ते लिहून ठेवा. पथकातली मुलं जवळजवळ नेहमी पुढे असतात. महिनाभर रोज दहा मिनिटं हे केलं तर फरक कमी होताना दिसतो.

रुडिमेंट (हातांचे मूळ पाठ) चाळीस आहेत, पण सुरुवातीला चार पुरतात: सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक, पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा) आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याला आधी चिकटलेला हलका ठोका). ताशावाल्यांचा सिंगल चांगला असतो, पण डबलचा दुसरा ठोका मेलेला असतो. दुसऱ्या ठोक्यावर मुद्दाम जोर देऊन सराव करा.

पाय

खरी मेहनत इथेच आहे. घाईने डबल पेडल (दोन्ही पायांनी एकच किक वाजवायची जोडणी) घेऊ नका. आयर्न मेडन बँडचा ड्रमर निको मॅकब्रेन १९८२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत बँडबरोबर दौरे करत राहिला, आणि त्याची ओळख एका पेडलची आहे. लोक ज्याला दोन पायांचं काम समजतात ते तो उजव्या पायाने करतो. २००७ साली बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडन वाजले, तेव्हा तिथेही हाच पाय होता. उजवा पाय एकटा नीट चालला की डाव्याला शिकवायला गुरू घरातच मिळतो.

सतत चालणारी डबल बेस ऐकायची असेल तर मोटरहेडचा १९७९ चा 'ओव्हरकिल' ऐका, त्यात फिल टेलरचे पाय थांबत नाहीत. त्यानंतर स्लेअरचा डेव्ह लोम्बार्डो, १९८६ चा. मग जीन होग्लन. मेटलवाले त्याला 'अणुघड्याळ' म्हणतात, कारण त्याचा ठोका जागचा हलत नाही. ऐकताना वेग मोजू नका, दोन ठोक्यांमधली जागा ऐका.

आता बसणं. स्टूलची उंची अशी हवी की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, म्हणजे गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा. स्टूल खाली असेल तर प्रत्येक ठोक्याला मांडी वर ओढावी लागते आणि अर्ध्या तासात कंबर धरते. फार वर असेल तर तोल पुढे जातो आणि डावा पाय उचलताना पडायला होतं. आधी पेडल न लावता स्टूलवर बसा, पाय सहज जिथे पडतात तिथे खडूने खुणा करा आणि पेडल त्या खुणांवर आणा. बहुतेकांचे पाय इंग्रजी व्ही अक्षरासारखे पडतात. आधी पेडल मांडून मग पाय त्यात बसवायला गेलं की गुडघा पिळला जातो.

डबल पेडल जोडण्याचा क्रम असा ठेवा:

१. किकचे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) पुढचे पाय उघडून पुढची कड जमिनीपासून बोटभर उचला. मागची कड आणि पेडल जाजमावर सपाट हवीत.

२. मुख्य पेडल रिंगच्या मधोमध आवळा. रिंगवर रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर लाकूड दबतं.

३. दोन्ही बीटरच्या (ड्रमवर आपटणाऱ्या गोळ्यांच्या) दांड्या अगदी सारख्या लांबीला कसा. दोन्ही बीटर हेडच्या (ड्रमच्या पानाच्या) मध्यबिंदूच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावर आपटायला हवेत. एक वर आणि एक खाली आपटला तर दोन पायांचे दोन वेगळे आवाज येतात आणि दोष उगाच पायाला लागतो.

४. बीटर साधारण ४५ अंशांवर उभा ठेवा. स्प्रिंग मध्यावर.

५. डावं पेडल जागेवर ठेवा आणि जोडदांडा त्याच्या लांबीत बसवा. दांडा शक्य तितका आडवा हवा, आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांचा कोन सारखा. एक टोक फार वाकलं की डाव्या ठोक्यात हिसका येतो.

६. हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या जोडझांजांच्या) स्टँडचा मधला पाय पेडलला नडत असेल तर तिवई फिरवून जागा करा.

डावं पेडल थोडं जड लागणारच, कारण त्याचा जोर दोन सांध्यांतून जातो. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा आणि डावी स्प्रिंग उजवीपेक्षा अर्धा फेरा घट्ट करून बघा. हे न करता 'माझा डावा पाय कमजोर आहे' असं ठरवून टाकणारे पुष्कळ आहेत.

सराव असा: क्लिक ८० वर, एका मात्रेत चार ठोके, उजवा-डावा, सलग दोन मिनिटं. मग तेच डाव्यापासून सुरू करा. फोन किकजवळ ठेवून रेकॉर्ड करा आणि रेकॉर्डिंगची आकृती मोठी करून बघा. टोकं सारख्या उंचीची आणि सारख्या अंतरावर दिसली पाहिजेत. एक उंच, एक बुटकं असं दिसलं तर डावा मागे आहे. तीन दिवस लागोपाठ आकृती सारखी आली तरच चार बीपीएम वाढवा. १४० पर्यंत अख्खा पाय मांडीपासून उचलला तरी चालतं. १५० ते १७५ हा चिखलाचा पट्टा आहे: मांडी तेवढ्या वेगाने उचलत नाही आणि घोटा अजून तयार नसतो. बहुतेक जण इथे महिनोन्महिने अडतात आणि नडगी आवळून पुढे जायला बघतात. तसं करू नका. घोट्याची चाल वेगळी शिका: टाच जमिनीपासून दोन बोटं वर, मांडी स्थिर, ठोका फक्त घोट्यातून. ती १२० वरच शिकायची आणि हळूहळू वर न्यायची, म्हणजे १८० च्या पुढे दोन्ही चाली एकमेकींना भेटतात.

वेगाचा हिशेब साधा आहे. बीपीएम गुणिले चार, भागिले साठ. १२० ला सेकंदाला ८ ठोके, १८० ला १२, २०० ला १३ पेक्षा थोडे जास्त. म्हणजे २०० ला दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद. एवढ्या जागेत डावा १५ मिलिसेकंद उशिरा पडला तरी अडखळल्यासारखं ऐकू येतं.

नडगीत जळजळ झाली तर दोन मिनिटं थांबून पुन्हा करा. बोटं बधिर झाली किंवा मुंग्या आल्या तर त्या दिवशीचा सराव संपला. पुढच्या दिवशीही तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

ठेके

थ्रॅशचा (वेगवान मेटलचा) ठेका म्हणजे किक आणि स्नेअर एकाआड एक, हाय-हॅट किंवा राइड (ठेका धरायची मोठी झांज) किकबरोबर. ब्लास्ट बीट त्याचाच दुगुन म्हणा. पारंपरिक प्रकारात किक आणि स्नेअर एकाआड एक, हॅमरमध्ये दोन्ही एकदम, आणि बॉम्ब ब्लास्टमध्ये खाली डबल बेस सतत चालू. तिन्ही १०० वर शिका. ब्लास्टमध्ये स्नेअरचा आवाज किकखाली दबला तर ब्लास्टच राहत नाही, म्हणून डाव्या हाताची उंची कमी होऊ देऊ नका.

मेशुगासारख्या मेटल बँडचं वाजवणं ऐकून नवखा घाबरतो, पण पखवाज किंवा तबला शिकलेल्याला त्यातलं सूत्र लवकर कळतं. सात बारीक मात्रांची (मात्रेचा चौथा भाग ती बारीक मात्रा) घडी घ्या आणि चार बारांवर, म्हणजे चौसष्ट बारीक मात्रांवर, अंथरा. ती नऊ वेळा बसते आणि एक मात्रा उरते. शेवटची घडी आठची केली की पुढच्या बाराच्या समेवर बरोबर येता. उजवा हात मात्र सगळा वेळ साध्या चार मात्रांवर सिंबल धरून असतो, ऐकणाऱ्याची मान त्याच्यावर हलते. समेवर येण्याचा आनंद भजनात आणि इथे एकच आहे.

किट घेताना

जुनी, नीट ठेवलेली पाच तुकड्यांची किट नव्या स्वस्त किटपेक्षा बरी. किक २२ इंची, टॉम १२ आणि १३ किंवा १० आणि १२, फ्लोअर टॉम १६, स्नेअर १४ इंच व्यासाचा आणि साडेपाच ते साडेसहा इंच खोल. जुनं बघताना हेड काढून शेलची (ड्रमच्या पिंपाची) कड बघा. कडेवर बोट फिरवा, खाच किंवा चपटेपणा लागला तर तो ड्रम कधीच सुरात लागणार नाही. मग शेल फरशीवर उलटा ठेवून आत टॉर्च लावा. कडेखालून उजेड बाहेर आला तर कड वाकडी आहे.

बजेटचे शंभर भाग केले तर चाळीस सिंबलना, वीस पेडलला, दहा हेडना आणि उरलेले शेल व स्टँडना, असा आमचा हिशेब आहे. शेलचा आवाज चांगल्या हेडने सुधारतो, वाईट सिंबल मात्र शेवटपर्यंत वाईटच राहतं.

सिंबलच्या धातूची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटकन समजते. पितळी सिंबल आणि काशाचं सिंबल यांत तोच फरक जो पितळी ताटात आणि काशाच्या टाळात. बी२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, बी८ म्हणजे ९२ आणि ८. कथील जास्त तितका नाद खोल, पण धातू ठिसूळही. सुरुवातीला १४ इंची हाय-हॅट, १८ इंची क्रॅश (जोराच्या फटक्याची झांज), २० किंवा २१ इंची राइड पुरेत. १८ इंची चायना (उलट्या कडेची झांज) दुसऱ्या वर्षी.

सिंबल फुटतं ते बहुधा तीन कारणांनी: वरचं चाकनट करकचून आवळलेलं, मधल्या सळीवरची प्लॅस्टिकची नळी हरवलेली, किंवा कडेवर काटकोनात मारलेला घाव. क्रॅशला ओझरता फटका द्या, जणू हात तिच्यावरून पलीकडे चाललाय. कडेला चीर पडलीच तर चिरेच्या अगदी शेवटच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, चीर तिथे थांबण्याची शक्यता वाढते.

उद्यमबागेत लेथवाले भरपूर आहेत, ते बीटरची दांडी, पेडलचा बुश, स्टँडचा नट सहज करून देतात. फक्त एक काळजी. बहुतेक ड्रमच्या ताणदांड्यांचा आटा १२-२४ असतो: व्यास साडेपाच मिलिमीटरच्या जवळ आणि इंचाला २४ आटे. आपल्याकडे नेहमीचे एम५ आणि एम६. बोल्ट बसतोय असं वाटून एम६ ढकलला की लगचा (दांडी जिथे बसते त्या तुकड्याचा) आटा कायमचा जातो. नेहमी मूळ दांडी नमुना म्हणून सोबत न्या.

सुरात लावणं

टॉमना दुपदरी हेड घ्या, सात-सात मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दोन थर असलेलं. एकपदरी दहा मिलचं हेड मेटलच्या फटक्याला लवकर खड्डे घेतं. जुनं हेड काढल्यावर कड कोरड्या फडक्याने पुसा. नवीन हेड ठेवा, सगळ्या दांड्या हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग कीने (ड्रमच्या चावीने) समोरासमोर जात पाव-पाव फेरा. ओळीने शेजारची शेजारी आवळत गेलात तर हेड एका बाजूला ओढलं जातं. ढोलाचं पान चढवताना दोर्‍या समोरासमोर ओढतात ते डोळ्यांपुढे ठेवा. प्रत्येक दांडीपासून इंचभर आत काठीने हलकं टोका, जिथे सूर खाली असेल तिथेच की फिरवा.

किकला हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते पाऊण फेरा पुरतो, सुरकुत्या गेल्या की थांबा. आत उशी कोंबण्यापेक्षा जुनी वाकळ घडी करून ठेवा, तिची कड मागच्या हेडला खालच्या बाजूने जेमतेम टेकेल अशी. वाकळ जास्त दाबली की आवाज 'धप्प' होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बीटर उसळत नाही. मग पाय दुप्पट दमतात. बीटर पडतो तिथे चिकटपट्टीचा गोल लावा.

स्नेअरचं खालचं हेड पातळ असतं, ते वरच्यापेक्षा घट्ट ठेवा. तारा फार आवळल्या की हलका ठोका मुका होतो. ब्लास्ट वाजवणाऱ्याचा हाच मोठा तोटा, कारण वेगात हात आपोआप हलका पडतो.

खानापूरकडच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते. दांड्यांना गंज चढतो, फेल्टला बुरशी येते, काठ्या वाकतात. जूनच्या आधी प्रत्येक दांडी काढून आट्याला व्हॅसलीनचं बोट लावा, काठ्या झाकणाच्या डब्यात आडव्या ठेवा आणि किट भिंतीपासून हातभर दूर.

खोली आणि शेजारी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंद खिडकीतूनही किट त्याच्या वर जाते, म्हणून आधी शेजारच्या काकूंशी बोला, वेळ ठरवा आणि ती पाळा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस सोडून द्या.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून काही होत नाही. ते खोलीतला खणखणाट थोडा कमी करतात, बाहेर जाणारा आवाज नाही. आवाज जातो फटींतून. दाराखालची फट, खिडकीची कड, कौलांची पोकळी आधी बंद करा. पत्र्याच्या किंवा कौलारू खोलीत किट लावू नका. वडगाव-खासबागेकडे मागांचा आवाज असलेल्या गल्लीत दिवसा सराव कुणाला फारसा खुपत नाही. खेड्यात शेतातली मोटारीची खोली चांगली, मात्र तिथे उंदीर फेल्ट आणि वाकळ खातात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी: पेडलचा दणका फरशीतून खाली जातो. १८ मिलिमीटरचे प्लायचे दोन तुकडे घ्या, खालच्याला उथळ भोकं पाडून त्यात पंधरा-वीस टेनिस बॉल बसवा, वर दुसरा प्लाय आणि त्यावर जाजम. जाळीचे हेड आणि भोकांची सिंबल लावली तर रात्री आठपर्यंत निभतं.

कान. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा हिशेब कानांच्या बाबतीत मानतात. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो, आणि किटवर बसलेल्याच्या कानाशी आवाज १०० च्या पुढे सहज जातो. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. फाउंड्रीतले कामगार घालतात ते इअरमफ उद्यमबागेच्या आसपास सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आत इअरफोनवर क्लिक आणि वरून मफ, ही घरच्या सरावाची सगळ्यात स्वस्त आणि नीट सोय आहे. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा आहे, दुसऱ्या दिवशी किटवर बसू नका.

बँड

इथला बँड एका भाषेचा क्वचितच होतो. गिटारवाला कन्नड बोलणारा, बेसवाला कोकणी, गाणारा हिंदीतला. तालमीत ज्याला जी भाषा येते ती चालू द्या, मोजणी मात्र सगळ्यांची एकच ठेवा, नाहीतर 'तिसऱ्या बाराला थांबायचं'चे तीन अर्थ होतात. प्रत्येक गाण्याचा नकाशा कागदावर लिहा: किती बार, कुठला ठेका, किती बीपीएम, थांबा कुठे. हे काम ड्रमरचं. गाणं विसरलेला गिटारवाला सावरून घेता येतो, विसरलेला ड्रमर नाही.

तीन गाणी पक्की झाली की डेमो करा. चार माइक पुरतात: किक, स्नेअर आणि वर दोन. वरच्या दोन्ही माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा, नाहीतर स्नेअर एका बाजूला सरकतो आणि पातळ होतो. हेड आदल्या दिवशी बदला, म्हणजे ते बसतात. ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) लावणार असाल तर एकाच ठोक्याचे दोन मोजले जाऊ नयेत म्हणून जो बंदकाळ ठेवतात, तो ३० ते ४० मिलिसेकंद ठेवा. तो ७५ च्या वर गेला तर २०० बीपीएमला दोन्ही पाय एकाच ट्रिगरवर असताना ठोके गळतील.

कार्यक्रम आणि पैसे

मेटलचे कार्यक्रम इथे थोडे. कॉलेजचे महोत्सव, गोवा, हुबळी, कोल्हापूर, पुणे, आणि सगळ्यात जास्त बेंगळुरू. म्हणून फक्त मेटलवर घर चालेल असं धरून नोकरी सोडू नका. ड्रमरचं उत्पन्न चार ठिकाणांहून येतं: शिकवणी, ऑर्केस्ट्रा आणि लग्नं, गोव्याच्या हंगामात दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवणं, आणि रेकॉर्डिंग. बेंजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात वाजवायला कमीपणा मानू नका. गाणं ऐन वेळी बदलतं, गायक सूर बदलतो, आणि ड्रमर सावरतो. ही तयारी मेटलच्या तालीमखोलीत होत नाही. शिकवणीसाठी ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या असल्या तर पालकांना विश्वास वाटतो. क्लासचा फलक लावणार असाल तर कर्नाटकात फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, रंगाऱ्याला आधीच सांगा.

स्वतः कार्यक्रम ठेवत असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. अर्ज बहुधा कन्नडमध्ये लागतो, बँडमधल्या कन्नड लिहिणाऱ्याला सोबत न्या. मानधन, जेवण, प्रवास आणि किट कोण देणार हे चार मुद्दे फोनवर ठरले तरी मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी ठरलेली किट ऐन वेळी तीन तुकड्यांची निघते. गाणं बांधण्यात ड्रमरचा वाटा असेल तर तो आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेत) नोंद करण्याआधी टक्क्यांत ठरवा, गाणं गाजल्यावर नव्हे.

बाहेरगावी शेल आयोजकांची, पण स्नेअर, सिंबल, डबल पेडल, काठ्या आणि की स्वतःची. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बेंगळुरूला निघताना पेडलचं खोकं आणि स्नेअर बर्थखाली जातात, सिंबलची पिशवी उशाशी घ्या. बर्थखाली तिच्यावर कुणीतरी ट्रंक सरकवतो आणि कड वाकते. गोव्याला पावसाळ्यात चोर्ला घाटातून टेम्पोने जाताना ताडपत्री सामानावर टाकून भागत नाही, प्रत्येक ड्रम वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधा.

मंचावर सगळ्यात आधी जाजम, निदान दोन मीटर बाय दोन मीटर. गुळगुळीत प्लायवर दुसऱ्या गाण्यात किक पुढे सरकायला लागते. जाजम नसेलच तर किकच्या दोन्ही पायांना दोरी बांधून ती स्टूलच्या दांड्याला अडकवा, तुमच्याच वजनाने ती धरून राहते. जोडदांड्याचे स्क्रू कसल्यावर त्यांच्यावर आणि दांड्यावर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय हे वाकून तपासायला नको.

पिशवीत असू द्या: की दोन, काठ्या सहा जोड्या, जादा बीटर, हाय-हॅटचा क्लच, फेल्ट आणि नळ्या मूठभर, स्नेअरच्या तारांची दोरी, कापडी चिकटपट्टी आणि एक जुनं एटीएम कार्ड. किकचं हेड मध्येच फाटलं तर कार्ड भोकावर ठेवून चारही बाजूंनी पट्टी मारा. उरलेली तीन गाणी निघतात.

वाजवून उतरल्यावर घाम सुकायच्या आत सिंबल कोरड्या फडक्याने पुसा. बोटांचे ठसे रात्रभर राहिले की काशावर हिरवट डाग धरतात, आणि ते घासून काढताना वरची झिलईही जाते. पेडल सुटं करताना जोडदांडा दोन्ही टोकांनी सोडवा. एका टोकाला तसाच लटकत ठेवून खोक्यात भरला की त्याच सांध्यात ढिलाई येते, आणि ती पुढच्या कार्यक्रमात डाव्या पायाला जाणवते.